लॉस्ट क्राऊन भारी आहे हे कळतंय, पण माझा प्रिन्स ऑफ पर्शिया त्यात सापडत नाहीये

सँड्सवाला

मंडळी, मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा प्लीज.

प्रिन्स ऑफ पर्शिया ही माझी गेम सिरीज. बाकी सगळं खेळलोय, व्हाइस सिटी, मॅक्स पेन, एनएफएस, पण जीव कशावर असेल तर तो २००३ च्या सँड्स ऑफ टाइमवर. कॉलेजात मित्राच्या पीसीवर पहिल्यांदा बघितला आणि नंतर घरच्या पीसीला ग्राफिक्स कार्ड हवं म्हणून जी भुणभुण लावली ती त्याच्यासाठीच. भिंतीवरून धावायचं, खाली पडलो की खंजिराने वेळ मागे फिरवायची, आणि वाळू संपलेली असताना मेलो तर प्रिन्सच मध्ये थांबून म्हणणार की नाही नाही, असं झालं नव्हतं, मी परत सांगतो. कारण तो ही सगळी गोष्ट कुणालातरी सांगत बसलाय. तोपर्यंत गेम ओव्हर म्हणजे काळी स्क्रीन एवढंच माहीत होतं आणि इथे मरणंसुद्धा गोष्टीत बसवलेलं, हे बघून मी अक्षरशः थक्क झालो होतो. आणि फराह! आपल्याकडच्या महाराजाची मुलगी, पर्शियन फौजेने तिच्या वडिलांचा महाल लुटलाय, लुटणाऱ्यांत आपला हिरो पण आहे, आणि पुढचा सगळा प्रवास त्या दोघांनी एकत्र करायचा. ज्यांनी शेवट बघितलाय त्यांना तो शेवटचा एक शब्द आठवत असेल, मला आज पण तो आठवला की गलबलून येतं.

तर आता प्रॉब्लेम असा की एवढ्या वर्षांनी, नोकरी संसार वगैरे सगळं मार्गी लागल्यावर, सेलमध्ये त्याच सिरीजचा लॉस्ट क्राऊन घेतला. २०२४ च्या जानेवारीत आला तेव्हा सगळीकडे कौतुक वाचलं होतं. आणि कौतुक खोटं नाहीये, कंट्रोल एकदम चोख आहेत, चित्रं सुंदर आहेत. पण पहिली गोष्ट म्हणजे आपण प्रिन्स नाहीच, आपण सार्गॉन, इम्मॉर्टल्स नावाच्या योद्ध्यांच्या तुकडीतला एक, आणि प्रिन्स घसानला पळवून माउंट काफवर नेलंय त्याला सोडवायचंय. टूडी आहे, बाजूने दिसतो, नकाशाभर मागे पुढे फिरायचं, बंद दरवाजा दिसला की लक्षात ठेवायचं, नवीन शक्ती मिळाली की परत यायचं. मारामारीत पॅरी, म्हणजे वार अचूक क्षणी अडवणं, जमलं नाही तर धुलाई. मी जंगल ओलांडून थोडा पुढे गेलोय आणि रोज सुरू करतो तेव्हा वाटतं की आज तो फील येईल, आणि येत नाही, मग बंद करून यूट्यूबवर सँड्सचं म्युझिक लावतो.

मला खरंच विचारायचंय की हे कुणाला झालंय का, आणि पुढे खेळत राहिलात तर काही बदललं का, की सरळ जुना सँड्स काढून खेळावा आणि याचा नाद सोडावा? की वयच तसं झालंय आणि आता कुठलाच गेम तसा वाटणार नाही? हे शेवटचं उत्तर असू नये अशी फार इच्छा आहे.


शिफ्ट_एल

भावा तुझी पोस्ट वाचली आणि मला २००३ आठवलं, कारण तू आज जे लॉस्ट क्राऊनबद्दल लिहिलंयस ना, तंतोतंत तेच आम्ही डॉसवाले, म्हणजे जुन्या डॉस पीसीवर मूळ प्रिन्स खेळलेले, सँड्स ऑफ टाइमबद्दल बोलत होतो. हा कुठला प्रिन्स, ही भिंतीवरून पळापळ काय, पडलं की वेळ मागे फिरवायची सोय दिली तर भीती कसली राहिली! आमच्यासाठी प्रिन्स म्हणजे ६० मिनिटं. तळघरापासून मनोऱ्यापर्यंत जायचं, वाळूचं घड्याळ चालू आहे, राजकन्या वाट बघतेय, दुष्ट वजीर जाफर बसलाय वर. कितीही वेळा मर, लेव्हल पहिल्यापासून सुरू होणार पण घड्याळ मात्र मागे येणार नाही. वेळ मागे न फिरणं हाच तर गेम होता आमचा, आणि सँड्सने बरोबर तेच उलटं केलं.

त्यामुळे "माझा प्रिन्स" असं म्हणतोस तेव्हा तो तुझाच आहे, सिरीजचा नाही. सिरीजमध्ये एक प्रिन्स कधी नव्हताच.

आता थोडं मूळ गेमबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. जॉर्डन मेक्नरने तो ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर बनवला, १९८९ मध्ये आला. त्याने स्वतःच्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला उड्या मारायला लावलं, व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. तलवारबाजी एका १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून उचलली. संगीत वडिलांनी दिलं. म्हणून तो माणूस खऱ्या माणसासारखा चालायचा. थांबलेला असताना पळायला सांगितलं तर आधी एकदोन पावलं टाकून मग वेग घेणार, पळताना थांबवलं तर पाय घासत थांबणार, कड्याच्या टोकाला शिफ्ट दाबून एकेक पाऊल मोजत जायचं. दोन मजले खाली पडला तर एक जीव कमी, तीन मजले तर खलास. फरशी खुळखुळली की ती पडणार हे कळायचं. काट्यांवरून पळालास तर गेलास पण हळू चालत गेलास तर काही होत नाही. म्हणजे शरीराला वजन होतं रे, ते वजन सांभाळणं हाच खेळ होता.

आणि सावली! चौथ्या लेव्हलला आरसा येतो, त्यातून उडी मारली की आपलीच सावली सुटून पलीकडे पळून जाते, आपल्यात एकच जीव उरतो, आणि पुढच्या लेव्हलला तीच सावली आपल्यासमोर आपली औषधाची बाटली पिऊन टाकते. ही सावली आली कुठून माहीत आहे का? मशीनची मेमरी संपली होती, दुसरं पात्र काढायला जागाच नव्हती. मग त्याने हिरोचीच चित्रं घेतली, एका बिटने सरकवून स्वतःवरच एक्सॉर केली (दोन्हींत फरक असेल तेवढेच ठिपके ठेवायचे), तर एक चमचमती काळपट आकृती तयार झाली. झाला शत्रू तयार. मला हे नंतर वाचायला मिळालं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या, इतकं भारी वाटलं.

हे सगळं का सांगतोय, तर लॉस्ट क्राऊनमध्ये पुढे तुला सिमुर्गची, म्हणजे पर्शियन दंतकथेतल्या पक्ष्याची, एक शक्ती मिळेल, एका जागी आपली सावली ठेवायची आणि पुढे जाऊन बटण दाबलं की परत त्या सावलीच्या जागी यायचं. ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी ओरडलो घरात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी ती सावली आठवली असं वाटलं. बाजूने दिसतो म्हणून तुला तो परका वाटतोय, आणि मला बाजूने दिसतो म्हणूनच घरचा वाटतो. सापळे बघ, काटे, धारदार पाती, पडणाऱ्या फळ्या, सगळं १९८९ चं आहे. माझ्या मते २००३ नंतरच्या सगळ्या प्रिन्समध्ये मूळ प्रिन्सच्या सगळ्यात जवळचा हाच आहे. सोडू नकोस.


तिखट_शेव

मी लॉस्ट क्राऊनपासूनच सुरुवात केली या सिरीजची, त्यामुळे माझ्याकडे आठवणी वगैरे काही नाहीत, २००३ मध्ये मी बालवाडीत पण नव्हते. म्हणून कदाचित माझं मत उपयोगी पडेल, कदाचित नाही.

शिफ्ट_एल दादा, तुमचं सगळं वाचून मजा आली पण एक पटलं नाही. तो मूळ गेमच्या जवळचा आहे म्हणून खेळ असं तुम्ही सांगताय, म्हणजे सँड्सवाला दादांनी आता दुसऱ्या एका जुन्या गेमशी तुलना करत खेळायचं. त्याने काय होणार? त्या बिचाऱ्या सार्गॉनकडे कुणी बघतच नाहीये.

दादा, तुम्ही जंगलापर्यंतच गेलाय. अजून रेजिंग सी हा भाग बघितला नाही. ते सांगू की नको असं झालंय पण थोडंच सांगते. समुद्र आहे, वादळ आहे, जहाजांची लढाई चालू आहे आणि सगळं जागच्या जागी थांबलंय. लाटा उभ्याच्या उभ्या, जहाज फुटताना फळ्या हवेत अधांतरी, तोफेच्या धुरासकट सगळं थिजलेलं, आणि आपण त्या फळ्यांवरून उड्या मारत जायचं. पावसाचे थेंबसुद्धा थांबलेले वाटतात. मी तिथे शत्रू मारून झाल्यावर कितीतरी वेळ नुसती फिरत होते. तुम्हाला वेळेशी खेळणं आवडतं ना, मग वेळ थांबलेली जागा आत जाऊन बघायला मिळतेय, आणि तुम्ही जंगलातून परत फिरताय!

दुसरं, सेटिंगमध्ये जाऊन आवाज फारसी करा. फारसीत पूर्ण डबिंग आहे. मी इंग्लिशमध्ये सुरू केला होता तेव्हा सगळे कुठल्याही ॲक्शन गेमसारखेच बोलतात असं वाटत होतं, फारसी केल्यावर एकदम वेगळाच गेम झाला. खाली सबटायटल्स वाचायचे, पण कान आपोआप तिकडे लागतो. तुम्हाला जो परकेपणा वाटतोय त्यातला अर्धा तरी आवाजाचा असेल असं मला वाटतं.

तिसरं, मागे पुढे फिरायचा कंटाळा. बंद दरवाजा किंवा न पोचणारी पेटी दिसली की कंट्रोलरवरच्या डी-पॅडचं खालचं बटण दाबा, त्या जागेचा फोटो निघतो आणि नकाशावर टाचला जातो. मेमरी शार्ड म्हणतात त्याला. सुरुवातीला मोजकेच मिळतात पण वाढतात पुढे. मी इतर मेट्रॉइडव्हेनिया, म्हणजे असे मागे पुढे फिरायचे गेम, याच कारणाने अर्धवट सोडलेत की परत आल्यावर आठवतच नाही कुठे काय होतं. इथे डोक्यावर तो भार नाही. आणि गायडेड मोड आहे, तो लावला तर कुठे जायचं ते नकाशावर दिसतं. पॅरी जमत नसेल तर डिफिकल्टीत ते वेगळं सोपं करता येतं, बाकी गेम तसाच ठेवून. लावा बिनधास्त.


कडक_चहा_९२

सोडून दे रे. गेम आहे, नोकरी नाही. मजा येत नसेल तर नको खेळू. मी गॉड ऑफ वॉरचा २०१८ वाला असाच सोडला होता, त्यातला हिरो, जुना क्रेटॉस पाहिजे होता मला. दोन वर्षांनी परत लावला तेव्हा एका बैठकीत अडकलो. आत्ता नाही तर नंतर.


पुणेरी_पॅच

सँड्सवाला, तू रीमेकबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. मुद्दाम टाळलंस का? कारण माझ्यासाठी या सगळ्या विषयात सगळ्यात दुखरी जागा तीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सँड्स ऑफ टाइमचा रीमेक १० सप्टेंबर २०२० ला जाहीर झाला आणि तो बनत होता ही सिरीज काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत. पुण्यात! ज्या गावात आपण हा गेम लोकांच्या घरी, क्लासमध्ये, कॅफेत खेळलो, त्याच गावात तो परत बनणार. तोपर्यंत आपल्याकडच्या स्टुडिओंकडे बहुतेक वेळा मोठ्या गेमचा एखादा भाग, पोर्टिंग, टेस्टिंग असलीच कामं यायची, पूर्ण गेमची धुरा क्वचित. आणि इथे एवढा मोठा गेम थेट हातात. त्या रात्री मी इतका खूश होतो की घरातल्या सगळ्यांना उठवून ट्रेलर दाखवला, त्यांना काही कळलं नाही तरी.

मग दुसऱ्या दिवशीपासून जे सुरू झालं ते आठवतं ना? ट्रेलरमधले चेहरे जुनाट दिसतात, हा तर मागच्या पिढीचा गेम वाटतो, वगैरे. ग्राफिक्सवर टीका होणं ठीक आहे, मलाही चेहरे आवडले नव्हते, प्रकाश पण सपाट वाटला होता. पण त्याच्यापुढे जाऊन लोकांनी देशावर घसरायला सुरुवात केली, भारतात बनवतायत ना मग असंच होणार, अशा कमेंट. त्यातले अनेक आपलेच. ते वाचून मला जो त्रास झाला तो आजही आहे. २१ जानेवारी २०२१ ची तारीख होती, ती १८ मार्चवर गेली, मग फेब्रुवारीत सांगितलं की आता तारीख नाही, आणि मे २०२२ मध्ये प्रोजेक्ट मॉन्ट्रियलला गेला, जिथे मूळ सँड्स बनला होता. त्यानंतरचा घोळ सगळ्यांनी वाचलाय, परत लिहीत नाही.

मला यातून एक गोष्ट दिसते ती सांगतो, पटते का बघा. लोकांना २००३ चा गेम परत नको होता, २००३ मध्ये त्यांना जसा दिसला तसा हवा होता. जुना सँड्स आज चालू करून बघ, फराहचा चेहरा किती साधा आहे, हाताची बोटं चिकटलेली. आपल्या डोक्यात मात्र ती एखाद्या सिनेमातल्यासारखी दिसते, कारण तेव्हाच्या मानाने ती तशी होती. आता कुठल्याही टीमने, पुण्याच्या असो की मॉन्ट्रियलच्या, आपल्या डोक्यातल्या चित्राशी स्पर्धा करायची म्हणजे अवघडच. लॉस्ट क्राऊनवाल्यांनी, म्हणजे माँपेलिएच्या स्टुडिओने, रेमन बनवणारे तेच लोक, त्यांनी हुशारीने ती स्पर्धाच टाळली. वेगळा हिरो, वेगळा चेहरा, वेगळी शैली. मला ते धाडस आवडलं. पण तुला नाही आवडलं तर त्यातही तुझं काही बिनसलेलं नाही.


सँड्सवाला

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

पुणेरी_पॅच, हो, मुद्दाम टाळलं. त्या विषयावर लिहायला बसलो तर थांबणार नाही मी. कमेंटबद्दल तू लिहिलंस ते शंभर टक्के. कुणीतरी एकदा लिहायला हवं होतं.

तिखट_शेव, काल रात्री फारसी लावून बसलो. खरंच फरक पडला गं. सिमुर्ग, काफ हे शब्द त्या उच्चारात ऐकले की जागा खरी वाटायला लागते. फोटोचं बटण मला माहीतच नव्हतं, ट्युटोरियल घाईत पुढे ढकललं असणार. गायडेड मोड मात्र नाही लावला, अजून जरा चाचपडून बघतो.

पण शिफ्ट_एल, मला एक खटकतंय. तू म्हणतोस सिरीजमध्ये एक प्रिन्स कधी नव्हताच. मग सिरीज म्हणायची कशाला? नाव एकच ठेवून काहीही विकायचं का? माझं नातं गोष्टीशी आहे. सँड्समध्ये मारामारी मला तेव्हाही फार आवडायची नाही, त्याच त्या उड्या मारून मागे जा आणि खंजीर खुपस, लिफ्टमधल्या त्या मारामारीत तर रडकुंडीला आलो होतो. पण दोन माणसांच्या बोलण्यासाठी मी ते सगळं सहन केलं. लॉस्ट क्राऊनमध्ये बोलायला सोबत कुणी नाही, सार्गॉन एकटाच फिरतो. मला वाटतं मला नेमकं तेच टोचतंय, लिहिता लिहिता आत्ता लक्षात आलं.


दोहाकर

सँड्सवाला, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण चर्चा आता खऱ्या जागी आली. सोबत. तुम्हाला सोबत हवी आहे. मग मी तुम्हाला २००८ चा प्रिन्स ऑफ पर्शिया सुचवतो, पुढे काही न जोडता नुसतंच तेवढं नाव असलेला, ज्याला त्या वेळी सगळ्यांनी झोडपलं.

थोडा मागचा इतिहास. सँड्सचं समीक्षकांनी प्रचंड कौतुक केलं, पण विक्री सुरुवातीला म्हणावी तशी नव्हती. मग २००४ मध्ये वॉरियर विदिन आला, एकदम काळाकुट्ट, रक्त, हेवी मेटल, प्रिन्स चिडका आणि आवाजही वेगळा. मारामारी सुधारली होती, हे मान्य करायला हवं, आणि तो दहाका राक्षस मागे लागायचा तेव्हा पोटात गोळा यायचा. पण सँड्समधला तो थोडा गर्विष्ठ, थोडा बावळट, गोष्ट सांगणारा पोरगा गेला. स्वतः मेक्नरने नंतर सांगितलं की त्यातली कलेची दिशा आणि हिंसा त्याला रुचली नाही. आता गंमत अशी की माझा भाचा वॉरियर विदिनवरच वाढला आणि त्याच्यासाठी प्रिन्स म्हणजे तोच. २००५ च्या टू थ्रोन्सने दोघांना सांभाळायचा प्रयत्न केला, जुना आवाज परत आणला, फराह परत आली, आणि शिवाय प्रिन्सच्या आत एक काळा प्रिन्स. म्हणजे मागच्या दोन गेमच्या चाहत्यांचं भांडण त्यांनी एकाच माणसाच्या आत घातलं. मला तर ते फार आवडलं होतं.

आणि मग २००८. नवीन प्रिन्स, नवीन जग, सोबत एलिका. तुम्ही पडलात की दर वेळी एलिका हात धरून वर काढते, मरण नाहीच. यावर लोक तुटून पडले की गेम लहान पोरांचा केला. अहो, पण वेळ मागे फिरवणं आणि हात धरून वर काढणं यात खेळाच्या दृष्टीने फरक किती? पडलात, परत उभे राहिलात. फरक एवढाच की इथे ते कुणीतरी तुमच्यासाठी करतंय. आणि शेवट कळल्यावर तो हात दर वेळी का धरला जात होता याला वेगळंच वजन येतं, जास्त सांगत नाही. एक अडचण आहे, गोष्टीचा पुढचा भाग एपिलॉग म्हणून नंतर आला तो पीसीवर आलाच नाही, फक्त कन्सोलवर. पण मूळ गेम तेवढाच पुरेसा आहे आणि तिथेच थांबला तर उलट बरं असं माझं मत.

बटण दाबून एलिकाशी बोलता येतं, उगीचच, कुठेही. तुम्ही नाही बोललात तरी गेम पुढे जातो. मी प्रत्येक चौकात थांबून बोलायचो. तुम्हीही बोलाल याची खात्री आहे.


तिखट_शेव

दोहाकर काका, हा गेम मी ऐकलापण नव्हता! विशलिस्टमध्ये टाकला.

पण सँड्सवाला दादा, सार्गॉन एकटा आहे हे बरोबर आणि तरी पूर्ण बरोबर नाही. इम्मॉर्टल्समधले बाकीचे भेटत राहतात, भांडतात, कुणाचं काय होतं ते कळत जातं. आणि त्यांच्या म्होरक्याबद्दल, वाह्रमबद्दल मी काहीच बोलणार नाही. जंगलात ते दिसत नाही एवढंच सांगते. फराहसारखी सोबत नाही मिळणार, ते खरं. मित्रांनी पाठ फिरवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती गोष्ट हा गेम मनापासून सांगतो.


पुणेरी_पॅच

दोहाकर, २००८ वाल्याला न्याय दिल्याबद्दल मनापासून आभार. त्याचं चित्रकाम आजही जुनं वाटत नाही, रंगवलेलं आहे म्हणून. वास्तव दाखवायला गेलेले त्या काळातले बाकीचे गेम बघा आणि हा बघा.

सँड्सवाला, नाव एकच ठेवून काहीही विकायचं का, या तुझ्या प्रश्नावर एक जोडतो. असॅसिन्स क्रीडची सुरुवात प्रिन्स ऑफ पर्शियाचाच पुढचा गेम म्हणून झाली होती, सँड्सवर काम केलेल्या लोकांकडूनच. तो इतका वेगळा होत गेला की शेवटी नावच बदललं. म्हणजे नाव न ठेवणं पण होऊ शकतं. आता सांग, भिंती चढणं, छपरांवरून पळणं, हे बघितलं तर सँड्सचा खरा वारस कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही. छपरांवरून पळताना सँड्स आठवतो, पण वाळू आणि वेळ नाही, ती लॉस्ट क्राऊनमध्ये आहे. वारसा असा तुकड्या तुकड्यात वाटला गेलाय आणि सगळा कुणाही एकाकडे नाही.


सँड्सवाला

असॅसिन्स क्रीडचं माहीत होतं पण असा विचार केला नव्हता.

ठरवलंय आता. लॉस्ट क्राऊन चालू ठेवतो, निदान रेजिंग सी पर्यंत तरी, आणि वाह्रमचं काय ते कळेपर्यंत. २००८ वाला घेतो, तो राहूनच गेला होता, तेव्हाचे रिव्ह्यू वाचून हात लावला नव्हता. आणि जुना सँड्स सध्या उघडत नाही.

शिफ्ट_एल, डॉसवाला प्रिन्स मी कधी स्वतः धड खेळलोच नाही, शाळेत मोठी मुलं खेळायची आणि आम्ही मागे उभे राहून बघायचो. तुझी सावलीची गोष्ट वाचून तो खेळावासा वाटतोय. आज कसा चालवायचा? डॉसबॉक्स वगैरे, जुने डॉस गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची झंझट आहे का?


शिफ्ट_एल

वा! हे ऐकून दिवस चांगला गेला बघ.

झंझट नाही. एसडीएलपीओपी नावाचं आहे, उत्साही लोकांनी डॉस आवृत्ती उकलून आजच्या मशीनसाठी नीट लिहून काढलीय, विंडोजवर सरळ चालतं, लिनक्सवर पण. कंट्रोलर जोडता येतो पण मी म्हणेन कीबोर्डच घे, कारण शिफ्टवर बोट ठेवून हळू चालायची सवय लागली पाहिजे. नाहीतर काट्यांवर मरशील. ॲपल टू चा मूळ सोर्स कोड पण आज बघायला मिळतो, तो हरवला होता, २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, तज्ज्ञांना बोलावून त्यातलं सगळं काढून घेतलं आणि मेक्नरने सगळा कोड फुकट टाकला नेटवर. कोडिंग कळत असेल तर उघडून बघच.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पहिल्या लेव्हलला तलवार शोध आधी, तिच्याशिवाय पहारेकऱ्याकडे गेलास तर एका वारात संपशील. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा मरत नाही, कितीही वार कर, त्याला ढकलत ढकलत कड्यावरून खाली पाड. आठव्याला दरवाजा बंद होऊन अडकलास असं वाटेल तेव्हा थांब, राजकन्या उंदीर पाठवते, तो येऊन बटणावर बसतो. बाराव्याला सावली समोर आली की तिला मारू नकोस, तिला लागलं की तुलाच लागतं, तलवार म्यान कर आणि सरळ तिच्या अंगावर चालत जा.

स्पेस दाबली की किती मिनिटं उरली ते दिसतं, सारखं बघू नकोस, हात थरथरायला लागतात. पहिल्या खेपेला ६० मिनिटांत होणार नाही, कुणाचंच झालं नाही. तेव्हा आम्ही डॉसमध्ये प्रिन्स लिहून पुढे मेगाहिट टाकायचो आणि शिफ्ट आणि एल दाबून लेव्हल ढकलायचो, माझं नाव तिथूनच आलंय. पण तू तसं करू नकोस, निदान चौथ्या लेव्हलच्या आरशापर्यंत तरी सरळ खेळ. कंट्रोल आणि जी ने सेव्ह होतं, ते मूळ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच चालायचं, त्यामुळे पहिल्या दोन एका दमात काढ. अडकलास तर लेव्हल नंबर आणि त्या खोलीचा स्क्रीनशॉट टाक इथे, सांगतो.